पडद्यावरचा अजमास

भाईंदर स्थानकाच्या पश्चिमेकडून उत्तनला जाणारा रस्ता मुर्धा, राई आणि मोर्वा ही गावे मागे टाकीत, वाटेत मिठागरांच्या चकाकत्या चौकटी आणि खाजणाची हिरवी काळोखी दाखवीत, डोंगरीच्या चढाला लागतो. आणि तेथून पुढे चौक गावाच्या टेकडीवर, जेथे धारावीच्या किल्ल्याचे तुटके अवशेष उरले आहेत, तेथे उभे राहिले म्हणजे वसईच्या खाडीचे मुख आणि पलीकडच्या तीरावरचा वसईचा कोट एकाच दृष्टिक्षेपात सापडतो. 1737 साली घोडबंदर मराठ्यांच्या हाती आले आणि 1739 च्या मे महिन्यात वसई पडली, या दोन तारखांमधला पुष्कळसा इतिहास या पाण्याच्या पट्ट्यावर घडलेला आहे. परंतु आज त्या पराक्रमाचे पोवाडे गाण्याचा माझा मानस नाही. मला सांगावयाचे आहे ते या पाण्याची खोली मोजण्याविषयी, आणि त्या मोजण्याच्या निमित्ताने, वरकरणी अगदी दूरच्या भासणाऱ्या एका आधुनिक विद्येविषयी.

उत्तनच्या कोळ्यांचे खोलीचे पारंपरिक माप म्हणजे वाव. दोन्ही हात ताणून पसरले असता एका हाताच्या बोटांच्या टोकापासून दुसऱ्या हाताच्या बोटांच्या टोकापर्यंत जेवढे अंतर भरते तेवढे. म्हणजे ढोबळ मानाने 6 फूट. दोरीच्या टोकाला वजन बांधायचे, ते तळाला लागेपर्यंत सोडायचे आणि दोरी वर ओढताना वाव मोजायचे, एवढाच त्याचा विधी. आता ज्याचा त्याचा वाव ज्याच्या त्याच्या हाताएवढा. वाहत्या पाण्यात दोरी तिरपी होते. आणि भरती-ओहोटीमुळे या किनाऱ्यावर उधाणाच्या दिवशी पाणी चार-पाच मीटरांनी वरखाली होते, तर भांगाच्या दिवशी त्याहून पुष्कळ कमी. इतके सगळे असल्यामुळे या मापाचा उच्चारच मुळी ‘दोन-अडीच वाव’ असा होतो. ‘दोन-अडीच’ या जोडशब्दात मापही आहे आणि मापाचा संशयही आहे. आणि दोन्ही एकाच श्वासात उच्चारले जात असल्यामुळे ऐकणाऱ्याला पहिले मिळून दुसरे न मिळण्याची सोय राहत नाही. मराठी भाषेने ही सोय फार पूर्वीपासून मोठ्या सढळपणे करून ठेवलेली आहे. वीसेक, शंभरएक, पाच-पंचवीस, उणापुरा, जेमतेम, अदमासे: या शब्दांचा कोणी अभ्यासक संग्रह करील तर तो अनिश्चिततेच्या गणिताचा एक लहानसा देशी कोशच होईल.

जी गोष्ट बोलीची, तीच दफ्तराची. पेशवाईच्या हिशेबी कागदांत अजमास निराळा आणि ताळेबंद निराळा. अजमास म्हणजे वर्षारंभी धरलेला अंदाज, आणि ताळेबंद म्हणजे प्रत्यक्ष जमा-खर्च मिळवून घातलेला मेळ. एकाचे नाव दुसऱ्याला देणारा कारकून फार काळ टिकला नसता. इंग्रजी अमदानीतून आलेली पिकांची आणेवारी, जिला दशमान नाणे आल्यानंतर पैसेवारी म्हणू लागले, तीदेखील आजतागायत नजरअंदाज, सुधारित आणि अंतिम अशा तीन पायऱ्यांनी जाहीर होते. महसूल खात्याला कोणी फारसे नम्र म्हणणार नाही; पण ‘हा आकडा नजरेने धरलेला आहे’ हे आकड्याच्या कपाळावरच लिहिण्याची रीत त्याने पाळली, हे कबूल केले पाहिजे.

सागरी नकाशांचा शिरस्ता याहूनही करडा होता. जहाजावरून खोली घेताना शिशाच्या वजनाच्या तळाशी एक खळगा ठेवून त्यात चरबी भरीत, म्हणजे तळाची वाळू, चिखल वा शिंपला तिला चिकटून वर येई आणि खोलीच्या आकड्यापाशी तळाची जातही नोंदता येई. पुढे नकाशावर जो आकडा छापावयाचा तो ऐन ओहोटीच्या पाण्यावर उतरवून घेतलेला. म्हणजे चूक व्हायचीच तर ती पाणी कमी दाखविण्याच्या बाजूची व्हावी, जास्त दाखविण्याच्या बाजूची नव्हे, ही तजवीज. आणि एखादा खडक कोणा कप्तानाने पाहिल्याचे सांगितले, पण त्याची जागा पक्की नसली, तर ब्रिटिश आरमाराच्या नकाशांत त्यापाशी ‘पी. डी.’, म्हणजे स्थान संशयास्पद, आणि खडक आहे की नाही याचीच शंका असली तर ‘ई. डी.’, म्हणजे अस्तित्व संशयास्पद, अशी अक्षरे छापली जात. संशयाला नकाशावर अशी राजरोस जागा देणाऱ्या त्या अनाम नकाशाकारांविषयी मला फार आदर वाटतो. कारण माणसाच्या मेंदूचे आणि हाडांचे जे नकाशे विसाव्या शतकात तयार झाले व ज्यांच्या आधाराने शस्त्रक्रिया होऊ लागल्या, त्यांवर ही दोन अक्षरे छापण्यास पुष्कळ दशके लागली.

त्या नकाशांची कथा 1908 पासून सुरू होते. त्या वर्षी लंडनमध्ये व्हिक्टर हॉर्स्ले आणि रॉबर्ट क्लार्क या दोघांनी प्राण्यांच्या मेंदूत ठरलेल्या बिंदूपर्यंत सुई नेण्याचे एक यंत्र वर्णिले. कल्पना भूमितीची होती: कवटीवरच्या स्थिर खुणा धरायच्या, त्यांवरून लांबी, रुंदी आणि उंची असे तीन अक्ष आखायचे आणि आतला प्रत्येक बिंदू तीन आकड्यांनी सांगायचा. हे यंत्र माणसाला लावण्यास 1947 साल उजाडावे लागले. फिलाडेल्फियातील श्पीगेल आणि वायसिस यांनी ते केले, आणि करताना त्यांना प्रथम जी अडचण भेटली ती आपल्या विषयाच्या अगदी मुळाशी आहे. माणसाच्या कवटीवरची खूण आणि आतले लक्ष्य यांतले अंतर माणसागणिक बदलते. म्हणून त्यांनी कवटी सोडून मेंदूतल्याच खुणा धरल्या, क्ष-किरण चित्रात त्या दिसाव्यात म्हणून मेंदूतील पोकळ्यांत हवा भरली, आणि या खुणांपासून लक्ष्य किती इकडेतिकडे असू शकते याची मोजणी केली. 1949 मध्ये स्टॉकहोमच्या लार्स लेक्सेल यांनी कमानीची चौकट केली, जिचे टोक कोणत्याही कोनातून आले तरी एकाच केंद्रावर येते. कवटीला स्क्रूने घट्ट बसविलेली ही चौकट रुग्णाला क्लेशकारक खरी, पण तिचा एक गुण असा की ती काय जाणते आणि काय जाणत नाही हे शल्यविशारदाला बोटांनी कळत असे: चौकट हलली तर ती हललेली दिसे.

भारतात ही विद्या मद्रासमध्ये डॉ. बी. राममूर्ती व डॉ. बालसुब्रमण्यम यांच्या हातून आणि बंगलोरमध्ये डॉ. आर. एम. वर्मा यांच्या हातून रुजली. आपल्या मुंबईत 1997 साली हिंदुजा रुग्णालयात गॅमा नाइफ हे किरणांचे यंत्र आले, तेही लेक्सेल यांच्याच चौकटीच्या आधाराने चालणारे. पुढे जसलोक रुग्णालयात कंपवाताच्या रुग्णांच्या मेंदूत विद्युताग्रे बसविण्याच्या शस्त्रक्रिया होऊ लागल्या. त्या काळी मीरा-भाईंदरचा रुग्ण अशा कोणत्याही कामासाठी लोकलने दक्षिणेकडेच जात असे. 1985 साली नगरपालिका झालेल्या आणि 2002 साली महानगरपालिका झालेल्या या गावाची तेव्हाची ख्याती मिठाची, मासळीची आणि स्टीलच्या भांड्यांची होती.

मधल्या काळात संगणक आला होता. 1971 च्या ऑक्टोबरात विम्बल्डनच्या एका रुग्णालयात गॉडफ्रे हाउन्सफील्ड यांच्या यंत्राने पहिल्या रुग्णाच्या मेंदूचे काप चित्रित केले. ते चित्र आडव्या 80 आणि उभ्या 80 चौकोनांचे होते आणि प्रत्येक चौकोनाचा आकडा त्या जागेतल्या सर्व द्रव्याची सरासरी होता. चित्र तेव्हा इतके जाडेभरडे असे की त्याचा संशय डोळ्यांना आपोआप दिसे. पुढे चौकोन बारीक झाले, कडा गुळगुळीत झाल्या, आणि संशय नाहीसा न होता केवळ दिसेनासा झाला.

1986 मध्ये अमेरिकेतील डार्टमथच्या डेव्हिड रॉबर्ट्स यांनी चौकटच काढून टाकली. शस्त्रक्रियेचे सूक्ष्मदर्शक ध्वनिलहरींच्या साहाय्याने खोलीत कोठे आहे हे मोजायचे, रुग्णाच्या डोक्यावरच्या खुणा चित्रातल्या खुणांशी जुळवायच्या, आणि चित्रातील गाठीची सीमारेषा थेट डॉक्टरच्या दृष्टीसमोर उमटवायची. पुढच्याच वर्षी जपानातून वातानाबे यांचे सांधेदार बाहूचे यंत्रही प्रसिद्ध झाले. ध्वनीच्या जागी कॅमेरे आले, यंत्रे कंपन्यांच्या मालाच्या यादीत गेली, आणि पडद्यावर ते सुप्रसिद्ध चित्र आले: मेंदूच्या तीन बाजूंचे तीन देखावे आणि त्यांवर केसासारख्या बारीक दोन रेषांचा छेद. ‘तुमचे हत्यार येथे आहे,’ असे तो छेद सांगतो. ‘येथे किंवा येथपासून दीड-दोन मिलिमीटरांच्या आत कोठेतरी’ असे सांगण्याची त्याला भाषाच दिलेली नव्हती. उत्तनचा नाखवा ज्या गोष्टीला ‘दोन-अडीच’ म्हणतो तिला हे लक्षावधी रुपयांचे यंत्र नुसते ‘अडीच’ म्हणत होते.

नाही म्हणावयास, पडद्याच्या कोपऱ्यात एक आकडा असे, आणि आजही असतो. खरी गंमत त्या आकड्यातच आहे, म्हणून येथे थोडे थांबले पाहिजे. रुग्णाच्या त्वचेवर किंवा कवटीवर काही खुणा करतात. त्या चित्रात सापडतात आणि प्रत्यक्ष रुग्णावर टोकदार कांडीने स्पर्श करूनही नोंदल्या जातात. हे दोन संच संगणक एकमेकांवर असे बसवितो की त्यांच्यातला फरक कमीत कमी राहील. जो फरक तरीही उरतो, त्याची सरासरी म्हणजे कोपऱ्यातला आकडा. पण डॉक्टरला हवे असते ते निराळेच: खुणा किती जुळल्या हे नव्हे, तर आत खोल असलेल्या गाठीपाशी किती चुकले. नॅशव्हिलच्या व्हँडरबिल्ट विद्यापीठातील फिट्झपॅट्रिक आणि त्यांचे सहकारी वेस्ट व मॉरर यांनी 1998 साली या दोहोंचे गणित स्वच्छ मांडले. प्रत्येक खूण टिपताना सरासरी 1 मिलिमीटरची चूक होते असे धरा. खुणा 3 असतील तर पडद्यावर सुमारे 0.58 हा आकडा येतो आणि खुणांच्या मध्यबिंदूपाशी खरी चूकही सुमारे 0.58 च असते. आता कष्ट घेऊन खुणा 9 करा. मध्यबिंदूपाशी खरी चूक 0.33 वर उतरते. आणि पडद्यावरचा आकडा मात्र 0.88 वर चढतो! ज्याने काम अधिक चोख केले त्याला यंत्र कमी गुण देते. कारण उघड आहे: खुणा थोड्या असल्या की त्या कशाही ओढूनताणून जुळविता येतात, जसा तीन साक्षीदारांचा जबाब नऊ साक्षीदारांच्या जबाबापेक्षा लवकर एकसारखा होतो, पण साक्ष जुळली म्हणून ती खरी असते असे कोणता मामलतदार मानील?

त्याच गणिताचा दुसरा भाग मोजणीदाराच्या चांगला ओळखीचा आहे. खरी चूक खुणांच्या मध्यापाशी सर्वांत कमी असते आणि तेथून जसजसे दूर जावे तसतशी वाढत जाते. कपाळावर आणि नाकाच्या आसपास खुणा करून डोक्याच्या मागल्या भागातली गाठ शोधणे म्हणजे चार हातांच्या पायावरून मैलभर दूरच्या टेकडीचे स्थान काढण्यासारखे आहे. पायाच्या ठिकाणी सगळे बिनचूक जुळते. टेकडीपाशी जुळत नाही. आणि पडद्यावर आकडा येतो तो पायाचा. पुढे 2009 मध्ये फिट्झपॅट्रिक यांनी आणखी एक पाऊल टाकून दाखवून दिले की त्याच रुग्णाच्या बाबतीत खुणांची उरलेली तफावत आणि लक्ष्यापाशीची चूक यांचा परस्परसंबंधच नाही; तफावत लहान आली म्हणून त्या वेळची चूक लहान असेल, असे अनुमान निघत नाही. ज्या आकड्यावर शेकडो शस्त्रक्रियागृहांत समाधानाने माना डोलत होत्या, त्याच्याविषयीचा हा निकाल आहे. एवढा कडवा निकाल एवढ्या थंडपणे फार थोड्या शास्त्रीय लेखांत दिला गेला असेल.

आणि अजून मेंदूच हलतो ही गोष्ट बाकीच आहे. कवटी उघडली की आतला द्रव वाहून जातो आणि मेंदू आपल्या वजनाने खाली बसतो; चित्र मात्र आदल्या दिवसाचे. हे विस्थापन किती, याचे पद्धतशीर मोजमाप 28 शस्त्रक्रियांत करून 1998 साली प्रसिद्ध करण्यात आले. मेंदूचा पृष्ठभाग सरासरी सुमारे 1 सेंटिमीटर सरकल्याचे आढळले, आणि सरकण्याची दिशा मुख्यतः गुरुत्वाकर्षणाची. हे मोजणाऱ्यांत अग्रभागी कोण होते? तेच डेव्हिड रॉबर्ट्स, ज्यांनी बारा वर्षांपूर्वी चौकट काढून टाकली होती. आपल्याच यंत्राचा संशय आपल्याच हाताने मोजून जगापुढे मांडणे हा गुण दुर्मीळ आहे, आणि त्याची नोंद यंत्राच्या शोधापेक्षा कमी ठळक अक्षरांत होऊ नये.

संशय मोजला तरी तो दाखवावा कसा, हा प्रश्न वेगळा. या बाबतीत किरणोपचार करणारे वैद्य शल्यविशारदांच्या पुढे होते. 1993 च्या आंतरराष्ट्रीय अहवालाने त्यांना शिस्तच घालून दिली: दिसणाऱ्या गाठीभोवती एक रेषा, न दिसणाऱ्या प्रसाराचा अंदाज धरून तिच्याबाहेर दुसरी, आणि रुग्णाचा श्वास, हालचाल व यंत्राची चूक जमेस धरून तिसरी. ऐन ओहोटीचे पाणी छापणाऱ्या नकाशाकाराचीच ही वृत्ती. शल्यकर्माच्या पडद्यावर मात्र एकेरी रेषाच राज्य करीत राहिली. बॉस्टनमध्ये आणि कॅनडातील किंग्स्टनच्या क्वीन्स विद्यापीठात काही संशोधकांनी तिच्याभोवती संशयाचे वलय काढण्याचे, रंग विरळ करण्याचे आणि हत्याराचे टोक ज्या जागेत असू शकेल ती सगळी जागा दाखविण्याचे प्रयोग केले. किंग्स्टनच्या मंडळींचा या विषयावरचा विस्तृत लेख 2014 चा आहे. परंतु पडदा आधीच आकड्यांनी आणि रंगांनी भरलेला असतो, हात थांबलेला असतो, आणि त्या क्षणी आणखी एक धूसर ढग समोर आला तर डॉक्टर तो वाचील की पुसून टाकील, ही अडचण काल्पनिक नाही. मला स्वतःला ढगापेक्षा ‘पी. डी.’ची दोन अक्षरे बरी वाटतात.

आता गुडघ्याकडे वळतो, कारण आमच्या गावाचा या विद्येशी आज जो संबंध आहे तो मुख्यतः गुडघ्याच्या मार्गाने. काशीमीऱ्याच्या नाक्यावरून किंवा मीरा रोडच्या स्थानकातून जाणाऱ्यास यंत्रमानवाच्या साहाय्याने गुडघा बदलण्याचे फलक दिसतात, आणि त्यांवर ‘अचूक’ हा शब्द ठळक असतो. संगणकाच्या मार्गदर्शनाने गुडघ्याचा सांधा बदलण्याचे काम प्रथम 1997 च्या जानेवारीत फ्रान्समधील ग्रनोबल येथे झाले. मुंबईत डॉ. अरुण मुल्लाजी यांनी ते मोठ्या प्रमाणावर केले, आणि 2007 साली त्यांनी व त्यांच्या सहकाऱ्यांनी 467 गुडघ्यांची तुलना प्रसिद्ध केली: काहींची शस्त्रक्रिया संगणकाच्या मार्गदर्शनाने, काहींची क्ष-किरणांच्या साहाय्याने जुन्या रीतीने, आणि करणारा हात एकच. तुलनेची कसोटी पायाच्या अक्षाची: खुब्यापासून घोट्यापर्यंतची रेषा सरळ रेषेपासून किती अंश ढळली. तीन अंशांच्या आत असले तर ठीक, हा जगभरचा संकेत.

या कामात खुब्याचे केंद्र दिसत नाही. म्हणून पाय गोलगोल फिरवून संगणक त्या फिरण्यावरून केंद्र शोधतो. घोट्याची आणि गुडघ्याची टोके डॉक्टर कांडीने टेकवून सांगतो, आणि हाडाचा उंचवटा नेमका कोणता मानायचा हे त्या घटकेला त्याची नजर ठरविते. म्हणजे यंत्राच्या मुळाशी पुन्हा हाताचा वावच आहे! त्यावर उभा राहिलेला आकडा मात्र पडद्यावर अर्ध्या अंशाच्या ऐटीत येतो. माझ्या थोरल्या वहिनींना शस्त्रक्रियेनंतर असाच एक कागद मिळाला, त्यावर दीड अंशाचा फरक छापलेला होता, तो वाचून त्यांनी मला विचारले, “भाऊजी, हा दीड अंश त्यांनी ठेवला कुठे?” मी हसलो, पण प्रश्न हसण्यावारी नेण्याजोगा नव्हता, कारण त्या दीडाच्या दोन्ही बाजूंस किती चूक धरायची हे कागदावर कोठेही नव्हते. शिवाय तीन अंशांचा संकेतही शिळेवरचा लेख नव्हे. अमेरिकेतील मेयो क्लिनिकच्या वैद्यांनी 2010 साली 398 गुडघ्यांची पंधरा वर्षांची हकीकत प्रसिद्ध केली, आणि तीत तीन अंशांच्या आतले गुडघे बाहेरच्या गुडघ्यांपेक्षा अधिक टिकल्याचे आढळले नाही. मोजणारे यंत्र जसजसे बारीक झाले, तसतसे कशासाठी मोजायचे हेच अधिक धूसर निघाले. यावरून यंत्र निरुपयोगी ठरते असे कोणी समजू नये. हाताचा फार मोठ्या चुका करण्याचा स्वभाव त्याने आवरला, ही त्याची कामगिरी निर्विवाद आहे. माझी तक्रार त्याच्या चुकीविषयी नसून त्याच्या मौनाविषयी आहे.

2010 मध्येच अमेरिकेच्या प्रमाणीकरण संस्थेने अशा यंत्रांच्या स्थानविषयक अचूकतेची कसोटी घेण्याची रीत मंजूर केली, आणि तेव्हापासून कंपन्यांना आपल्या यंत्राविषयी काही समान भाषेत बोलता येऊ लागले. ही कसोटी एका नेमक्या मापाच्या ठोकळ्यावर घेतात. ठोकळा श्वास घेत नाही, त्याच्यातून द्रव वाहून जात नाही, आणि त्याची त्वचा खुणेसकट सरकत नाही. फलकावरच्या अचूकतेचे आकडे वाचताना एवढे ध्यानात ठेवावे. तुमच्या घरातले कोणी उद्या त्या टेबलावर जाणार असेल, तर डॉक्टरांना आदल्या दिवशी एवढेच विचारा: पडद्यावर जो आकडा येईल तो खुणांचा असेल, की जेथे हत्यार जाणार आहे त्या जागेचा?